भार्गवीचा जपून ठेवलेला निकाल

मी एक लॅमिनेटर बोलतोय. नावावरून ओळख पटली नसेल तर सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात एक लांबट, चपटं यंत्र असतं बघा. एका बाजूनं प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं गरम, कडक, चकचकीत होऊन बाहेर येतो. दुकानातले माझे भाऊबंद दिवसभर राबतात. मी घरगुती. सध्या माझा मुक्काम बेलफास्टमधल्या एका घरात, किचनच्या दाराशेजारच्या हॉट प्रेसमध्ये, टॉवेलांच्या मागे आहे. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं त्याला इकडे हॉट प्रेस म्हणतात. आत ऊब असते, दमटपणा नसतो, त्यामुळे माझी तब्येत ठणठणीत आहे. आज कुणी माझी वायर लावली तर लगेच कामाला लागेन. पण गेली जवळजवळ चार वर्षं ती कुणी लावलेली नाही.

खरं तर मला बोलायचं काही कारण नव्हतं. तोंड बंद करणं हाच माझा धंदा. पण परवा या घरात काही बोललं गेलं आणि तेव्हापासून मला चैन पडत नाही. ज्या बाईला ते बोल ऐकावे लागले तिनं स्वतःच्या बचावासाठी एक शब्द काढला नाही. तिच्या वतीनं कुणी तरी बोलायला हवं, आणि त्या वेळी टॉवेलांच्या मागे मीच होतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. आम्ही हजारोंच्या संख्येनं जन्मलो, खोक्यांत बसलो आणि जहाजातून निघालो. मी येऊन पडलो बेलफास्टच्या एका जर्मन सुपरमार्केटात, मधल्या रांगेत. या रांगेचा काही नेम नसतो. एका आठवड्यात तिथे पोहण्याचे कपडे असतात, दुसऱ्या आठवड्यात वेल्डिंगचे चष्मे. दूध घ्यायला आलेला माणूस तिथून कुदळ घेऊन घरी जातो. लोक मला उचलायचे, खोक्यावरचं चित्र बघायचे आणि "हे घेऊन करू काय?" अशा चेहऱ्यानं परत ठेवायचे. मला त्याचा राग यायचा.

२०१४ च्या उन्हाळ्यात पुरुषोत्तमरावांनी मला उचललं. ते ब्रेड आणि कोथिंबीर घ्यायला आले होते. नागपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, आणि मुलीकडे राहायला म्हणून पहिल्यांदाच परदेशात पाऊल टाकलेलं. माझं खोकं हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या जावयाला म्हणाले, "संकेतराव, हे मशीन इथे घरी ठेवून राहिले का लोक?"

"कुणीच नाही ठेवत, बाबा," संकेत म्हणाला.

"मंग आपण ठेवू," असं म्हणून त्यांनी मला ट्रॉलीत टाकलं. कोथिंबीर मात्र राहिली.

त्यांना माझं इतकं अप्रूप का, हे मला पुढे कळलं. तरुणपणी आर्वीला असताना त्यांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवलेलं होतं. ट्रंक उघडली तेव्हा सर्टिफिकेटाच्या जागी वाळवीची माती निघाली. दुसरी प्रत मिळवायला बोर्डाचे खेटे घालता घालता त्यांच्या चपला झिजल्या, आणि ती मिळेपर्यंत हेडक्लार्कची जागा त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळून गेली होती. तेव्हापासून त्यांच्या घरात कागद आला की तो आधी लॅमिनेशनच्या दुकानात जायचा. मुलांच्या मार्कशीटी, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, शेवटी पत्नीच्या मृत्यूचा दाखलासुद्धा. "माणसाचं काही सांगता येत नाही, कागद तरी टिकला पायजे," असं ते म्हणायचे.

बेलफास्टच्या त्या उन्हाळ्यात त्यांनी मला उसंत म्हणून दिली नाही. कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा त्याचं वेळापत्रक, आरत्या, बसच्या वेळा, लसीकरणाचं कार्ड, सगळं माझ्यातून गेलं. नात अश्लेषा चार वर्षांची होती. ती चित्र काढायची आणि धावत यायची. "आजोबा, डू माय वी कॅट." वी म्हणजे इकडे छोटंसं. आजोबांना तिचं बेलफास्टी इंग्रजी कळायचं नाही आणि तिला त्यांचं मराठी बोलता यायचं नाही, पण मांजर लॅमिनेट व्हायचं. संकेत म्हणायचा, "बाबा, माझ्या डब्यातल्या पोळ्या तेवढ्या सोडा." माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणायचे तर तेच.

आता भार्गवीबद्दल सांगतो. पुरुषोत्तमरावांची धाकटी मुलगी, नागपूर विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी., लग्न होऊन नवऱ्याच्या नोकरीमागे २०१० मध्ये इथे आलेली. संकेत सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचा व्हिसा पुढच्या वर्षी, २०१५ च्या शरदात संपणार होता आणि त्याआधी कायम राहण्यासाठी अर्ज करायचा होता. त्या अर्जासाठी दोघांनाही एक परीक्षा पास होणं भाग होतं. या देशाचा इतिहास, कायदे, राजेराण्या, सणवार, खेळाडू, सगळं त्या परीक्षेत विचारतात. संकेत पहिल्या फटक्यात सुटला. भार्गवी वसंतात बसली आणि नापास झाली.

शाळेपासून कधी नापास न झालेली बाई ती. तिनं ही गोष्ट वडिलांना ते आल्यावरच सांगितली, तीही मान खाली घालून. तिची मैत्रीण मेधा सीमेपलीकडे, आयर्लंड या वेगळ्या देशात, डब्लिनजवळ सँट्रीला राहते. ती एका शनिवारी बसनं आली तेव्हा हाच विषय निघाला. मेधा म्हणाली, "आमच्याकडे असली परीक्षाच नाही गं. वर्षं भरली, फॉर्म भरला, झालं. ग्रँड."

"दोन तासांच्या बसनं इतका फरक?" पुरुषोत्तमरावांना हे काही पटेना. मग ते मुलीकडे वळले. "असू दे. परीक्षा आहे म्हणजे अभ्यास आहे. मी इथे आहे तोवर उरकून टाक. अश्लेषाला मी पाहतो."

दुसऱ्या दिवसापासून किचनच्या टेबलावर शाळा भरली. ते पालेभाजी निवडायचे आणि एका हातानं पुस्तक धरून तोंडी परीक्षा घ्यायचे. आठव्या हेन्रीचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं.

"सहा बायका? आणि दोघींची मुंडकी उडवली? ह्याचा प्रश्न विचारतात तुला?"

"हो बाबा. क्रमानं पाठ करावी लागतात नावं."

"संकेतराव," त्यांनी आत हाक मारली, "तुम्ही पास झालात ते ठीक, पण ह्या माणसाचा धडा जास्त मनावर घेऊ नका."

त्या दिवशी भार्गवी पोट धरून हसली. नापास झाल्यापासून तिला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं.

सप्टेंबरात तिनं पुन्हा परीक्षा दिली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक साधा कागद होता, आणि चेहऱ्यावरून कागदात काय आहे ते कळत होतं. पुरुषोत्तमरावांनी चष्मा लावून तो कागद वरून खाली वाचला, उलटून बघितला.

"टक्के कुठे आहेत?"

"टक्के नसतात, बाबा. फक्त पास."

"नुसतं पास? एवढा अभ्यास करून?" ते खरोखर हिरमुसले. मग म्हणाले, "पण सही आहे. सही आहे म्हणजे चालेल."

भार्गवीनं त्यांना सांगितलं, की सेंटरवरच्या बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलंय: कागद एकच आहे, दुसरा देत नाहीत. आता कायम राहण्याच्या अर्जाला लागेल आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही लागेल. जपून ठेवा.

जपून ठेवा. ज्याच्या सर्टिफिकेटाची वाळवीनं माती केली त्या माणसाला हे सांगितलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गवी अश्लेषाला शाळेत सोडायला गेली. पुरुषोत्तमरावांनी अंघोळ केली, मायक्रोवेव्हवरच्या फळीवर जो छोटा देव्हारा होता त्यापुढे तो कागद ठेवला, कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं आणि नमस्कार केला. मग मला टेबलावर आणलं. मी तापेपर्यंत ते हात पुसत बसले, कागदाला घामाचा डाग पडू नये म्हणून. नव्या पाकिटात कागद असा सरळ बसवला की चारही बाजूंना सारखी कड राहावी. मी तो अगदी हळू आत घेतला. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काम पूर्वी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

भार्गवी परत आली तेव्हा ते दारातच उभे होते, कागद दोन्ही हातांत धरून.

"बाबा, किती छान झालंय," ती म्हणाली. ती त्यांचं मन राखायला बोलत नव्हती. तिच्या दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीटी अशाच होत्या. संकेतनं संध्याकाळी बघितला, त्यालाही काही खटकलं नाही. आपल्या माणसांच्या घरी महत्त्वाचा कागद असाच ठेवतात, त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. कागद हॉट प्रेसच्या वरच्या फळीवर गेला आणि मी खालच्या.

नोव्हेंबरात पुरुषोत्तमराव नागपूरला परतले. त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन असायचा आणि अश्लेषाची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "तो रिझल्ट आहे ना जागेवर? उगाच काढू नको. आता त्याला काही होत नाही."

२०१५ च्या सप्टेंबरात फोन भार्गवीच्या भावाचा आला. उपेंद्र तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, वडील त्याच्याच घरी राहत होते. तो म्हणाला, बाबांच्या फुप्फुसात पाणी झालंय, दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर काही स्पष्ट बोलत नाहीत. "तू येऊन जा."

अर्जाची वेळ तेव्हाच आली होती. व्हिसा संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि अर्जाबरोबर पासपोर्ट द्यावा लागतो. भार्गवी आणि संकेत टेबलावर बसले आणि त्यांनी हिशोब मांडला. जास्त फी भरली की त्याच दिवशी निर्णय हातात देणारं एक ऑफिस शहरातच होतं. तिथली वेळ मिळाली होती. सकाळी जायचं, संध्याकाळी पासपोर्ट घेऊन परत यायचं आणि दोनच दिवसांनी भार्गवीनं विमानात बसायचं. तिकीट काढलं. बॅगही भरली. तिनं वडिलांना फोन करून सांगितलं तेव्हा ते धापा टाकत म्हणाले, "आधी कागद पुरा कर, बेटा. मी कुठे जाऊन राहिलो?"

ऑफिसच्या दिवशी ते तिघं सकाळी निघाले. वरच्या फळीवरून कागद गेला. मी आपला निश्चिंत होतो. माझं काम चोख होतं.

दुपारी दार उघडलं. अश्लेषानं टीव्ही लावला. मग संकेतचा आवाज आला.

"माझं झालं, अश्लेषाचं झालं, आणि घोडं अडलं कुठे, तर ह्या प्लॅस्टिकवर."

मला जे तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. आवाजही चढवला नाही त्यांनी. पण प्लॅस्टिकखालची सही शाईची आहे की छापलेली, हे त्यांना बोट लावून बघता येईना. कोपऱ्यातला लाल डाग कसला, तेही कळेना. त्या म्हणाल्या, मी नाही म्हणत नाहीये, पण मला हा कागद तपासायला पाठवावा लागेल, आणि तोवर तुमचा अर्ज आणि पासपोर्ट इथेच राहील. किती दिवस ते सांगता येत नाही. पासपोर्ट परत हवा असेल तर अर्ज मागे घ्यावा लागेल. अर्ज मागे घेतला की भार्गवीचा व्हिसा संपणार, आणि एकदा बाहेर पडली की पुन्हा आत कधी आणि कशी येणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. अश्लेषा पाच वर्षांची होती.

"बाबांना कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" संकेत म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याचा जीव बायकोसाठी तुटत होता आणि तो राग कुणावर तरी निघत होता.

"हळू बोल," भार्गवी म्हणाली. "आणि हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. दादाच्याही नाही. दादा रागाच्या भरात तिथेच बोलून जाईल."

"मग काय सांगणार आहेस?"

"काहीतरी सांगीन."

तिनं उपेंद्रला सांगितलं, "दादा, या आठवड्यात नाही जमत. थोडं थांबावं लागेल." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ती कपाटाचं दार उघडून टॉवेलांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडायची आणि परत घालायची.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते मी बघितलंय. रोज सकाळी पोस्टमनची चाहूल लागली की ती दाराशी. ऑफिसात फोन केला की तेच उत्तर, तपास चालू आहे. दोनदा तिनं अर्ज मागे घेण्याचं पत्र लिहिलं. पहिल्यांदा अश्लेषा शाळेतून आली आणि तिला बिलगली, तेव्हा ते पत्र फाडलं. दुसऱ्यांदा उपेंद्रचा निरोप आला की आज बाबांनी पेज घेतली, थोडे बरे आहेत. मग तिनं तेही फाडलं. आशा लागली की माणूस थांबतो, एवढाच तिचा गुन्हा.

मग एका सकाळी पुरुषोत्तमरावांनी स्वतः फोन लावायला सांगितला. भार्गवी माझ्यासमोर, हॉट प्रेसच्या दारात उभी होती. फोन स्पीकरवर होता. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी तो ओळखला नसता.

"झालं का काम, बेटा?"

"होत आलंय, बाबा."

"तुझा रिझल्ट पाहिला त्यांनी?"

"पाहिला."

"काय म्हणाले?"

भार्गवीनं कपाटाच्या दाराला धरलं.

"म्हणाले, इतका नीट ठेवलेला कागद आम्ही आजवर पाहिला नाही," ती म्हणाली. "विचारत होते, कुणी केलंय."

"मंग? तू काय सांगितलं?"

"सांगितलं, माझ्या बाबांनी."

मग ते हसले. खोकल्यात मिसळलेलं, पण हसूच होतं ते. "पाहा," ते कुणाला तरी म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

नागपुरात दुपार होती, इथे सकाळ. अश्लेषाला शेजारच्या बाई शाळेत घेऊन गेल्या. उपेंद्रच्या कुणा मित्रानं घाटावरून व्हिडिओ कॉल लावला होता. भार्गवी किचनच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली. चित्र हलत होतं, मधेच थांबत होतं. एकदा नुसते लोकांचे पाय दिसत राहिले आणि तिला ते बाजूला व्हा म्हणून सांगताही येईना. ती ओरडून रडली नाही. "बाबा, मी निघाले होते," एवढंच ती फोनच्या काचेला सांगत होती, पण तिकडे कुणाला ते ऐकू जात नव्हतं. मला ऐकू येत होतं. माझ्याकडे रडायची सोय असती तर मी त्या दिवशी रडलो असतो.

दहाव्याच्या आसपास पोस्टानं जाड पाकीट आलं. अर्ज मंजूर झाला होता. परीक्षेच्या लोकांकडे चौकशी करून निकाल खरा असल्याची खात्री पटली होती. पासपोर्ट होता, आणि तो कागदही होता, जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. कुणावर ओरडायचं म्हटलं तरी समोर कुणीच नव्हतं. भार्गवीनं कागद वरच्या फळीवर ठेवला. मला उचललं, टॉवेलांच्या मागे सरकवलं आणि दार लावलं.

तेराव्याला ती नागपूरला पोचली. तिथे काय झालं ते तिनं परत आल्यावर मेधाला सांगितलं, म्हणून मला माहीत. कुणी भांडलं नाही. सगळे नीट बोलले, जेवायला वाढलं. फक्त एक मावशी दुसरीला म्हणत होती, हल्लीच्या मुलींना बापापेक्षा पासपोर्ट मोठा, आणि भार्गवी आत आल्यावर ती गप्प झाली. उपेंद्र तिच्याशी कामापुरतं बोलला.

"अगं, मग सांगून टाक ना दादाला खरं काय ते," मेधा म्हणाली.

"काय सांगू? की बाबांच्या हातानं झालं? की त्यांनी तो कागद जपला म्हणून मला येता आलं नाही?" भार्गवी म्हणाली. "ते समाधानानं गेलेत, मेधा. तेवढं एकच मी त्यांना देऊ शकले. ते आता काढून घेऊ?"

"पण बोल तुला लागतोय."

"लागू दे."

त्यानंतरची वर्षं माझ्यासाठी अंधारातच गेली. संकेतनं आणि अश्लेषानं नागरिकत्व घेतलं. भार्गवी टाळत राहिली. तो कागद पुन्हा काढायचा, पुन्हा कुणासमोर ठेवायचा, हे तिच्यानं होईना. घरात बारीकसारीक कागद यायचे, शाळेची प्रशस्तिपत्रं यायची. अश्लेषा आता मोठी झाली होती. एकदा तिनं विचारलं, "मॉम, व्हॉटएव्हर हॅपन्ड टु आजोबाज मशीन?" भार्गवी म्हणाली, बिघडलंय. मी बिघडलेलो नाही. पण मी तो अपमान गिळला.

२०१९ च्या मार्चच्या आसपास, सगळीकडे ब्रेक्झिटचीच चर्चा चालू असताना, संकेतनं आग्रह धरला. आता अर्ज करून टाक, पुढे काय नियम येतील कुणी सांगावं. ती हो-नाही करत उन्हाळ्यापर्यंत आली आणि शेवटी एकदाची फॉर्म भरायला बसली. नेमकं त्याच आठवड्यात उपेंद्रला त्याच्या कंपनीनं डब्लिनला पाठवलं होतं. शनिवारी तो बसनं बेलफास्टला आला. बहिणीच्या घरी पहिल्यांदाच.

मी त्याला दाराच्या फटीतून बघितलं. पुरुषोत्तमरावांसारखंच कपाळ, चष्मा पुसायची तीच सवय. भार्गवीनं वांग्याचं भरीत केलं होतं, त्यानं दोनदा वाढून घेतलं. भाचीच्या इंग्रजीची थट्टा केली. जेवणं झाल्यावर टेबलावर फॉर्म पसरलेला त्याला दिसला, आणि त्यावर ठेवलेला तो कागद. त्यानं तो उचलला.

"हाच ना तो?"

भार्गवी ताटं उचलू लागली.

"बाबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता ह्याच्यापायी," उपेंद्र म्हणाला आणि हसला. "नर्स आली की सांगायचे, शेजारच्या पेशंटला सांगायचे. माझ्या मुलीचा कागद पाहून तिथले साहेब चाट पडले. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, माझे रिपोर्टही लॅमिनेट करून आण. मी दिले, भार्गवी. ते गेल्यानंतर मिळाले मला दुकानातून."

तो चष्मा काढून पुसू लागला. पुसून झाल्यावरही त्यानं तो लगेच लावला नाही.

"चार वर्षं मी तुला विचारलं नाही. आज विचारतो. कागद इतका चोख होता, त्यांनी वाखाणला, मग काम अडलं कशात? तू का नाही आलीस?"

चहाचं आधण ठेवलेलं होतं. संकेत ओट्यापासून वळला. "दादा, त्याचं असं झालं की—"

"संकेत, चहा बघ," भार्गवी म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मग तो परत ओट्याकडे वळला.

"दाराकडे बघायचे रे ते," उपेंद्र आता कुणाशी बोलत होता कोण जाणे. "कुणी आलं की मान वळवायचे."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. तिकीट काढलं होतं, बॅग भरली होती, रोज दाराशी उभी राहायची रे ती, असं सांगावंसं वाटलं. पण मी लोखंड आणि प्लॅस्टिकचा. माझ्यात वीज नव्हती, आणि असती तरी मला बोलायला कुणी बनवलेलं नाही.

"चुकलं माझं, दादा," भार्गवी म्हणाली. "मला वाटलं, अजून वेळ आहे."

उपेंद्रनं कागद हळूच फॉर्मवर ठेवला. त्याला बहुधा वेगळं उत्तर हवं होतं. काहीही चाललं असतं त्याला, पण हे नको होतं. तो उठला, स्वतःचा चहाचा कप धुऊन ठेवला आणि रविवारच्या पहिल्या बसनं डब्लिनला गेला. जाताना त्यानं अश्लेषाच्या हातात पैसे ठेवले आणि बहिणीला "येतो" म्हणाला. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला.

भार्गवीचा अर्ज गेला. आज ना उद्या तो मंजूर होईल, कागदाचं काम संपेल. संकेत एकदा म्हणाला, हे मशीन चॅरिटीच्या दुकानात देऊन टाकू. ती नको म्हणाली. कधी कधी टॉवेल काढताना तिचा हात माझ्या पाठीवर येतो आणि क्षणभर तिथेच राहतो. माझ्यावर तिचा राग नाही, हे मला त्यावरून कळतं. तिच्या वडिलांवरही कधी नव्हता.

म्हणून मी तुमच्याशी बोललो. तिनं न सांगितलेलं मी सांगितलं, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवत नव्हतं. तुमच्यापैकी कुणी नागपूरकडचं असेल, उपेंद्रला ओळखत असेल, तर माझं एक काम करा. त्याला एवढंच सांगा, की तुझी बहीण निघाली होती. तिला यायचं होतं, आणि ती रोज दाराशी उभी होती, जसे तिकडे तुझे वडील दाराकडे बघत होते. का अडलं म्हणून त्यानं विचारलं, तर माहीत नाही म्हणा. त्यात बाबांचं नाव येऊ देऊ नका.